गूगलवर नेमकं कसं शोधायचं? मुंबईची कामं आणि मराठी शब्द

खिडकीजागा (धागाकर्ता)

"गूगलवर काही सापडत नाही, नुसत्या जाहिराती येतात" ही तक्रार इथल्या बऱ्याच धाग्यांवर वाचायला मिळते. सोसायटीचा पुनर्विकास, मालमत्ता कर, मिळकत पत्रिका, पालिकेची परिपत्रकं असं काही मराठीतून शोधायला बसलं की ही पंचाईत हमखास होते. कागद बहुतेक वेळा नेटवर असतो. आपण टाकलेले शब्द त्या कागदावर नसतात, म्हणून तो आपल्यापर्यंत येत नाही. त्यासाठीच हा वेगळा धागा. जाणकारांनी भर घालावी.

सगळ्यात आधी एक सवय बदलायला हवी. प्रश्न टाकायचा नाही. जो कागद हवाय त्यावर काय छापलेलं असेल ते टाकायचं.

उदाहरण घेऊ. "सोसायटी रिडेव्हलपमेंटचे नियम काय आहेत" असं टाकलं की वर बिल्डर, सल्लागार आणि वकिलांची पानं येतात, कारण नेमके हेच शब्द त्यांनी आपल्या पानांवर पेरलेले असतात. सरकारी कागदात 'सोसायटी' नसते, 'सहकारी गृहनिर्माण संस्था' असते. 'रिडेव्हलपमेंट' नसतं, 'पुनर्विकास' असतो. आणि 'नियम' हा शब्दही तिथे नाही, कारण सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९(अ) खाली शासन देतं ते 'निदेश'. आता "सहकारी गृहनिर्माण संस्था पुनर्विकास निदेश ७९(अ)" टाकून बघा. सहकार विभागाचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आणि त्याआधीचा ३ जानेवारी २००९ चा, या दोन कागदांच्या आसपास तुम्ही लगेच पोचता. लागू आहे तो २०१९ चा. सल्लागारांच्या जुन्या पानांवर अजून २००९ चाच मजकूर असतो, तेवढी तारीख बघून घ्या.

आता खुणा. या धाग्यावर सगळं देवनागरीत लिहितोय, पण साइट, फाइलटाइप, इनटायटल, बिफोर, आफ्टर हे आज्ञाशब्द टाइप करताना इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाकायचे. त्यांना लागून कोलन, आणि कोलननंतर जागा सोडायची नाही. जागा सुटली की गूगल त्याला साधा शब्द समजतं आणि सगळं फिसकटतं. निम्म्या लोकांचं इथेच अडतं.

दुहेरी अवतरणचिन्हांत टाकलेले शब्द त्याच क्रमाने, जसेच्या तसे शोधले जातात. शब्दाला लागून आधी वजा चिन्ह दिलं तर तो शब्द असलेली पानं गळतात. 'साइट:' पुढे संकेतस्थळाचा पत्ता दिला तर शोध तेवढ्यापुरता होतो. तिथे नुसतं 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' दिलं तरी त्याखालची सगळ्या विभागांची उपस्थळं त्यात येतात. 'फाइलटाइप:पीडीएफ' दिलं की फक्त पीडीएफ. पालिकेच्या याद्या बऱ्याचदा एक्सेलमध्ये असतात, तेव्हा 'पीडीएफ'च्या जागी 'एक्सएलएसएक्स' घालूनही एकदा बघा. 'बिफोर:' आणि 'आफ्टर:' पुढे नुसतं वर्ष किंवा वर्ष-महिना-दिवस असा क्रम. दोन पर्यायी शब्दांच्या मध्ये 'ऑर', पण हा मात्र मोठ्या अक्षरांत. एका शोधात ३२ शब्दांच्या पुढचे शब्द गूगल सोडून देतं, म्हणून अख्खा परिच्छेद चिकटवण्यात अर्थ नाही.

---

परळ टीटी

वाचनखूण साठवली. 'बिफोर-आफ्टर'बद्दल एक पुस्ती. गूगल जी तारीख धरतं ती कागदावरची नसते, पानाची असते, आणि तीही त्याने अंदाजाने लावलेली. १९९९ चा अधिनियम कोणी २०१८ मध्ये चढवला असेल तर 'बिफोर:२००५' लावल्यावर तो गळून जातो. बातम्यांसाठी या खुणा उत्तम चालतात, कागदपत्रांसाठी वापरू नका.

आणि अवतरणात शोधूनही पानावर तो मजकूर दिसत नाही, अशी तक्रार येते. त्याची कारणं साधी आहेत. गूगलने वाचल्यानंतर पान बदललं असेल, मजकूर मिटलेल्या घडीच्या मेन्यूत असेल, किंवा शब्द चित्राच्या वर्णनात असतील.

---

सोसायटी सेक्रेटरी

उत्तम धागा. पण सरकारी शब्द आम्हाला आधी कळणार कसा? 'निदेश' हा शब्द मनात येणं कठीण आहे.

---

सातबारा

शोध दोन फेऱ्यांत करायचा. पहिल्या फेरीत आपले रोजचे शब्द टाका, आणि वर्तमानपत्राची किंवा एखाद्या वकिलाची एकच नीट लिहिलेली नोंद उघडा. ती माहिती म्हणून वाचू नका, तिच्यातले शब्द वेचा. कलम क्रमांक, अधिनियमाचं पूर्ण नाव, तारीख, विभाग. दुसऱ्या फेरीत फक्त ते वेचलेले शब्द टाका.

मुंबईत नेहमी लागणाऱ्या काही जोड्या देतो. 'डीम्ड कन्व्हेयन्स'ला, म्हणजे बिल्डरने टाळलं तरी जमीन-इमारत संस्थेच्या नावे होण्याला, कागदावर 'मानीव अभिहस्तांतरण' म्हणतात. पाण्याच्या बिलाला पालिका 'जलआकार' म्हणते. म्हाडाकडे ज्या जुन्या चाळींची दुरुस्ती असते त्या 'उपकरप्राप्त इमारती'. पागडीच्या घराचा कायदा शोधायचा तर 'पागडी' टाकून भागत नाही, 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९' टाका. मोडकळीला आलेली इमारत पालिकेच्या यादीत 'धोकादायक' किंवा 'अतिधोकादायक' असते, तिचा वर्ग सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ असा लिहितात, आणि नोटीस मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३५४ खाली निघते. 'कलम ३५४' नुसतं टाकलंत तर जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३५४ येऊन बसेल, म्हणून सोबत 'महानगरपालिका अधिनियम' हे शब्द हवेतच.

प्रॉपर्टी कार्ड म्हणजे 'मिळकत पत्रिका'. क्रमांकाच्या बाबतीत शहर आणि उपनगर वेगळे आहेत हे ध्यानात ठेवा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) क्रमांक चालतो, वांद्रे-कुर्ल्यापुढे उपनगरात सीटीएस, म्हणजेच नगर भूमापन क्रमांक. दादरच्या इमारतीसाठी 'सीटीएस' टाकून शोधत बसलं तर हाती काही लागणार नाही.

पालिकेचंही तेच. तिचं नाव कागदावर 'बृहन्मुंबई महानगरपालिका', बातमीत 'पालिका' किंवा 'मनपा', इंग्रजी कागदात कधी बीएमसी तर कधी एमसीजीएम. तिघांचे शोध वेगवेगळे करा.

---

बखरकार

+१. यात क्रमांकांबद्दल अजून सांगतो, कारण क्रमांकाला विभक्ती लागत नाही आणि त्याचं ऱ्हस्व-दीर्घही चुकत नाही. हाताशी क्रमांक असेल तर शब्दांच्या नादी लागूच नका.

कुठल्याही अलीकडच्या शासन निर्णयाच्या शेवटच्या पानावर एक ठरावीक वाक्य असतं: सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक असा आहे. तो संकेतांक १८ अंकी असतो आणि तो वाचता येतो. पहिले चार अंक वर्ष, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन दिवस, मग तास-मिनिट-सेकंदाचे सहा, त्यानंतरचे दोन सोडून द्या, आणि अगदी शेवटचे दोन विभागाचे. फाइलचं नावही हेच १८ अंक असतं. म्हणजे व्हॉट्सॲपवर कोणी 'शासन निर्णय' म्हणून पीडीएफ पाठवली तर आधी संकेतांक बघा. कागदावर तारीख मार्चची आणि संकेतांकात महिना नोव्हेंबरचा असेल तर कुठेतरी गडबड आहे. एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक मात्र चालतो, सही आणि चढवणं वेगवेगळ्या दिवशी होऊ शकतं. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर संकेतांकाची वेगळी चौकट आहे, तिथे तो टाकून मूळ प्रत उतरवून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

संकेतांक नसेल तर त्याच पानावर विभाग निवडा आणि तारखेची मर्यादा शक्य तितकी आवळा, आधी एक महिना. विषयाच्या चौकटीत एकच शब्द टाका, तोही अर्धा. 'पुनर्विकासाबाबत' नको, 'पुनर्विकास' पुरे.

गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराचंही तसंच. जुन्या पद्धतीच्या नोंदणी क्रमांकात सुरुवातीला पी ५१८ असेल तर प्रकल्प मुंबई उपनगरातला, पी ५१९ असेल तर मुंबई शहरातला, पी ५१७ ठाण्याचा. जाहिरातीत 'साउथ मुंबई' लिहिलंय आणि क्रमांक ५१८ ने सुरू होतोय, असं दिसलं की पुढचा शोध कसा करायचा ते आपोआप कळतं.

---

शुद्धलेखन

बखरकार यांनी विभक्तीचा विषय काढलाच आहे तर तो पूर्ण करू, कारण मराठीत शोधताना सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

इंग्रजी शब्दाला फार तर एक एस लागतो. मराठी नाम विभक्ती लागण्याआधी स्वतःच बदलतं. 'रस्ता' अवतरणात टाकलंत तर 'रस्त्याचे', 'रस्त्यांवरील' यातलं काही येणार नाही. 'विहीर'चं 'विहिरीचे' होतं, म्हणजे दीर्घ 'ही'ची ऱ्हस्व 'हि' झाली. 'गाळा'चं 'गाळ्यांचे', 'पाणी'चं 'पाण्याचा'. तेव्हा अवतरण वापरताना शीर्षकात शब्द ज्या रूपात येईल ते रूप टाका. शासन निर्णयाचा विषय बहुधा 'बाबत'ने संपतो: 'करण्याबाबत', 'देण्याबाबत', 'मंजुरी देण्याबाबत', 'सुधारित मार्गदर्शक सूचना'. "भाडेपट्ट्याचे नूतनीकरण करण्याबाबत" असा तुकडा अवतरणात टाकला की कार्यालयीन कागदच वर येतात, बातम्या मागे पडतात. कुठलं रूप ते कळत नसेल तर अवतरण काढा आणि मूळ रूप व बदललेलं रूप दोन्ही शेजारी शेजारी टाका.

दुसरी गोष्ट म्हणजे टंकलेखनाच्या चुका. कागद जसा टाइप झालाय तसाच तो सापडणार. 'सूचना' शोधून झालं की 'सुचना' शोधा. 'करून' नंतर 'करुन', 'डिजिटल' नंतर 'डिजीटल', 'परिपत्रक' नंतर 'परीपत्रक'. शुद्ध रूपाचा आग्रह लिहिताना ठेवा, शोधताना नको.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. 'किनाऱ्यावर', 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या' यातला अर्धचंद्री ऱ् संगणकात दोन रीतींनी साठवलेला असतो. एक रीत नुक्तावाल्या ऱ पासून, दुसरी साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण कंट्रोल-एफ एकाला शोधताना दुसरा दाखवत नाही. 'ॲक्ट', 'ॲप' मधल्या ॲ चंही हेच आहे. तो एका अक्षरात साठवता येतो, किंवा अ अधिक चंद्र असा दोन अक्षरांत. म्हणून पानाच्या आत शोधताना पूर्ण शब्द टाकूच नका. 'किनाऱ्यावर'साठी 'किना', 'शेतकऱ्यांना'साठी 'शेतक'. कंट्रोल-एफला शब्दाचा तुकडा चालतो.

आकड्यांचंही तेच. '७९(अ)', '79 (अ)', '७९अ', '79ए' असं सगळं प्रत्यक्ष कागदांवर आढळतं.

---

नवशिका

मोबाइलवर कंट्रोल-एफ कसं करायचं?

परळ टीटी

क्रोममध्ये वर कोपऱ्यातले तीन ठिपके, त्यात 'पानात शोधा'. पीडीएफ आधी उतरवून घ्या आणि वाचकात भिंगाची खूण दाबा. लांबलचक पीडीएफमध्ये ब्राउझरचं शोधणं सगळी पानं लोड होईपर्यंत अर्धवट चालतं.

नवशिका

केलं. पीडीएफमध्ये समोर 'मुंबई' दिसतंय तरी 'काहीही आढळले नाही' म्हणतंय.

---

कंपोझिटर

@नवशिका, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. असंख्य मराठी कागद यामुळेच बेपत्ता आहेत.

त्या पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. तीनपैकी एक गोष्ट होईल.

नीट मराठी उमटलं तर मजकूर युनिकोड (अक्षरं साठवण्याची सगळीकडे चालणारी पद्धत) आहे आणि अडचण वर शुद्धलेखन यांनी सांगितलेली आहे.

ओळ निवडताच आली नाही तर तो स्कॅन आहे, म्हणजे फक्त चित्र. गूगल ड्राइव्हवर चढवा, त्या फाइलवर राइट-क्लिक करून गूगल डॉक्सने उघडा. चित्राखाली वाचलेला मजकूर येतो, मराठीही येतं. गूगलची स्वतःची सूचना फाइल २ एमबीच्या आत ठेवण्याची आहे, म्हणून मोठ्या फाइलीतून हवी ती पानंच वेगळी काढून चढवा. शेकडो पानं असतील तर संगणकावर टेसरॅक्ट हा मोफत प्रोग्रॅम घालून त्याची मराठी भाषाफाइल जोडा आणि पानं ३०० डीपीआयने काढा. त्याहून कमी ठेवलं तर मात्रा आणि अनुस्वार गळायला लागतात. वाचताना यंत्राकडून घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची अदलाबदल होते. 'वांद्रे' सापडत नसेल तर 'बांद्रे'ही शोधा.

तिसरी शक्यता: नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली. म्हणजे कागद युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये बनवलाय. तिथे मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांना मराठीचा पोशाख चढवलेला असतो. पीडीएफ वाचकात फाइलच्या गुणधर्मांत जा, फॉन्टची यादी बघा. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे श्री-देव, डीव्हीबी-टीटी अशी नावं दिसतील. त्या त्या फॉन्टचे युनिकोड परिवर्तक नेटवर मोफत मिळतात. नाव बघूनच निवडा, चुकीच्या परिवर्तकातून अर्धे शब्द बरोबर आणि अर्धे भलतेच निघतात.

याचा उलटा उपयोगही करता येतो, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. गूगलने असे कागद वाचलेले असतात, पण त्या खिचडीच्याच रूपात. कृतिदेवमध्ये म हे अक्षर इंग्रजी ई वर, ऱ्हस्व उकार क्यू वर, अनुस्वार ए वर, ब हा सी वर, आणि ई ही बी व मोठा झेड मिळून. म्हणजे 'मुंबई' त्या कागदात ई, क्यू, ए, सी, बी, झेड या सहा इंग्रजी अक्षरांनी लिहिलेलं असतं. हीच सहा अक्षरं सलग टाइप करून, सोबत 'साइट:' आणि 'फाइलटाइप:पीडीएफ' लावून शोधलं की एरवी कधीच न दिसणारे जुने कागद बाहेर येतात. काही ठिकाणी उकार आणि अनुस्वार यांचा क्रम उलटा असतो, दोन्ही करून बघा. एक मर्यादा आहे. गूगल लहान-मोठी अक्षरं सारखीच धरतं आणि कृतिदेवमध्ये त्यांचे अर्थ वेगळे असतात, म्हणून थोडा कचराही येतो. दुसरा एखादा शब्द परिवर्तकातून उलटा काढून जोडीला द्या.

---

सातबारा

कंपोझिटर, ही सहा अक्षरं आजच वापरून पाहणार. मनापासून आभार.

---

ग्रंथसंग्रह

जुन्या मुंबईवर काम करणाऱ्यांसाठी नावांचा एक स्वतंत्र मुद्दा.

शहराचं इंग्रजी अधिकृत नाव १९९५ मध्ये बदललं. त्याआधीच्या इंग्रजी कागदांत 'बॉम्बे'च आहे, आणि उच्च न्यायालयाच्या इंग्रजी नावात ते आजही आहे. स्टेशनचं १९९६ पर्यंत व्हिक्टोरिया टर्मिनस, मग छत्रपती शिवाजी टर्मिनस, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. रस्त्यांचं तर विचारू नका: कॅडल रोड म्हणजे स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग, हॉर्नबी रोड म्हणजे दादाभाई नौरोजी मार्ग, लॅमिंग्टन रोड म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. जुन्या करारनाम्याचा किंवा इमारतीचा माग काढताना आधी कागद कोणत्या काळातला आहे ते ठरवा, मग त्या काळातलं नाव टाका. दोन्ही नावं मध्ये 'ऑर' घालून टाकलीत तर नाव बदलल्याची अधिसूचनाही कधी कधी हाती लागते.

इंग्रजी स्पेलिंगचेही काळ आहेत. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये ठाणे 'थाना' आहे, साष्टी 'साल्सेट', गिरगाव शेवटी एम घेऊन 'गिरगाम'. वरळी, शिवडी, डोंगरीच्या शेवटी जुन्या इंग्रजी कागदांत कधी कधी दोन ई असतात. आणि मराठीत शोधताना शीव की सायन, दोन्ही करा. लोक सायन लिहितात, कागद शीव लिहितात.

'गॅझेटियर ऑफ बॉम्बे सिटी अँड आयलंड'चे १९०९-१० मधले तीन खंड इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ग्रंथसंग्रहाच्या स्थळावर आहेत. तिथे शोधपेटीखाली एक निवड असते: फक्त नोंदीत शोधायचं की पुस्तकांच्या मजकुरात. मूळ निवड नोंदीची असते, त्यामुळे गल्लीचं नाव टाकून काहीच येत नाही आणि लोक परत फिरतात. मजकुराची निवड करा.

जुन्या मराठी शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या स्थळावर मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही शोधता येतात. दस्तऐवजातला एखादा अडलेला शब्द तिथे हमखास सुटतो.

---

खिडकीजागा

@ग्रंथसंग्रह, उडालेल्या पानांबद्दलही लिहा ना. सरकारी संकेतस्थळांची रचना बदलली की सगळे दुवे मरतात.

ग्रंथसंग्रह

गूगलच्या निकालातला साठवलेल्या प्रतीचा दुवा २०२४ मध्ये बंद झाला. आता इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन, म्हणजे पानांच्या जुन्या प्रतींचा साठा, हाच मार्ग. मेलेला पत्ता पूर्ण कॉपी करून तिथल्या चौकटीत टाका, वर्षांची पट्टी येईल, तारखेवर गोल असेल तर त्या दिवशीची प्रत आहे. पान मिळालं नाही तर पत्त्याचा शेवटचा तुकडा काढून टाका आणि जागी तिरकी रेघ व तारा द्या. त्या खणातल्या साठवलेल्या सगळ्या फाइलींची यादी उघडते, तिला उजवीकडे गाळणीची चौकट असते, तिथे पीडीएफ टाका. फॉर्म भरून किंवा कॅप्चा टाकून मिळणारे कागद मात्र वेबॅककडे नसतात, कारण त्याचं यंत्र फॉर्म भरत नाही. म्हणून आज जे महत्त्वाचं सापडलं ते आजच तिथल्या 'पान साठवा' चौकटीत टाकून ठेवा.

---

भरतीओहोटी

पावसाळा जवळ आला की पाण्यात बुडालेल्या मुंबईचे जुने फोटो 'आत्ताचे' म्हणून फिरायला लागतात. त्यात २६ जुलै २००५ चे असतातच, त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला होता. फोटो तपासायचा तर गूगल लेन्सपेक्षा टिनआय हे फोटोवरून फोटो शोधणारं स्थळ इथे जास्त उपयोगी, कारण तिथे निकाल 'सर्वात जुना आधी' असे लावता येतात. दिसणारी तारीख टिनआयला फोटो आढळल्याची असते, काढल्याची नसते. तरी 'आजचा' म्हणून आलेला फोटो पाच वर्षांपूर्वी तिथे असेल तर विषय संपला. लेन्स वापरताना फोटोवरचा मजकूर आणि वाहिनीची पट्टी कापून टाका, नाहीतर ते त्या अक्षरांच्याच मागे लागतं. काही सापडलं नाही तर फोटो आडवा उलटवून पुन्हा टाका.

फोटोतच खुणा असतात. बेस्टची जुनी बिगरवातानुकूलित डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पद्मिनी टॅक्सी त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर. रस्त्यात पद्मिनी बुडालेली दिसतेय आणि खाली 'आज सकाळी' लिहिलंय, तर पुढे पाठवू नका.

---

सोसायटी सेक्रेटरी

ग्राहकसेवेचे नंबर शोधताना फसवणूक होते, त्यावर काही उपाय?

परळ टीटी

नंबर गूगलवर शोधूच नका, हाच उपाय. निकालाच्या माथ्यावर 'प्रायोजित' लिहिलेलं असतं ते पैसे देऊन आलेलं असतं. नकाशावरच्या दुकान-शाखेच्या नोंदीत तर कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. बँकेचा नंबर कार्डाच्या पाठीवर आणि पासबुकावर छापलेला असतो, तोच वापरा.

पत्ता वाचायला शिका. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचा भाग घ्या आणि उजवीकडून डावीकडे वाचा. शेवट 'जीओव्ही डॉट इन' असेल तर सरकारी. 'जीओव्ही डॉट इन' मध्ये कुठेतरी आणि शेवट 'डॉट कॉम' असेल तर तो बनाव. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून २०२५ मध्ये बँकांचे पत्ते 'बँक डॉट इन'वर आले आहेत, तोच शेवट बघा. पैसे गेलेच तर शोधत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

---

बखरकार

हल्ली निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेचं तयार उत्तर येतं, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही. ते नको असेल तर निकालांच्या वरच्या पट्टीत 'वेब' निवडा, कधी ते 'आणखी'च्या खाली लपलेलं असतं. फक्त साधे दुवे येतात. 'टूल्स'मध्ये 'शब्दशः' अशी निवड आहे, तीही लावून बघा. गूगल आपल्या मनाने समानार्थी शब्द घालतं ते त्याने थांबतं, आणि मराठी शब्दाच्या जागी हिंदी पानं येण्याचं प्रमाण कमी होतं.

हे रोज लागत असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये शोध इंजिन, त्यात साइट शोध, तिथे 'जोडा'. नाव काहीही द्या, शॉर्टकट एक-दोन अक्षरांचा द्या. पत्त्याच्या जागी, ज्या स्थळावर शोधायचं तिथे एकदा एखादा शब्द शोधून जो पत्ता येतो तो चिकटवा, आणि त्यातल्या शब्दाच्या जागी टक्क्याची खूण व लहान एस घाला. गूगलच्या पत्त्याला शेवटी अँडची खूण, मग 'यूडीएम', बरोबरचं चिन्ह आणि १४ जोडलं की थेट 'वेब' निकाल उघडतात. कॅप्चा असलेल्या स्थळांवर ही युक्ती चालत नाही.

चॅटबॉटला शासन निर्णयाचा क्रमांक विचारू नका. तो अगदी खरा वाटेल असा क्रमांक बनवून देतो. त्याला 'या विषयासाठी सरकारी मराठीत कोणते शब्द वापरतात' असं विचारा, तिथे तो कामाचा आहे. आलेले शब्द सातबारा यांच्या पहिल्या फेरीत घाला.

---

सोसायटी सेक्रेटरी

शेवटचं एक. मानीव अभिहस्तांतरणावरचे उच्च न्यायालयाचे निकाल हवे आहेत. मराठी शब्द टाकून काहीच येत नाही.

सातबारा

निकाल इंग्रजीत असतात, म्हणून तिथे 'डीम्ड कन्व्हेयन्स' इंग्रजीतूनच टाका. इंडियन कानून हे मोफत स्थळ वापरा. तिथल्या खुणा गूगलपेक्षा वेगळ्या आहेत: अँड, ऑर, नॉट हे मोठ्या अक्षरांत आणि शेवटचं अक्षर दोनदा लिहायचे. गूगलसारखा 'ऑर' लिहिला तर तो खूण म्हणून धरला जात नाही. शब्दसमूह अवतरणात, जोडीला मोफा (महाराष्ट्र मालकी सदनिका) कायद्याचं 'सेक्शन ११'. मग न्यायालयाच्या गाळणीत बॉम्बे निवडा आणि 'सर्वात नवे आधी' लावा. निकाल उघडल्यावर वर त्याला उद्धृत करणाऱ्या निकालांची संख्या असते, तिच्यावर क्लिक करा. नंतरच्या खंडपीठाने तो फिरवला असेल तर तिथेच कळतं. तुमची जागा जिथली आहे तिथला जिल्हा उपनिबंधक कोणत्या निकालावर बोट ठेवतो तेही बघा. त्याच्या आदेशात निकालाचा रिट याचिका क्रमांक आणि वर्ष असतं, तेवढे दोन आकडे टाकून तोच निकाल उच्च न्यायालयाच्या स्थळावर काढा आणि प्रमाणित प्रतीसाठी तोच क्रमांक वापरा.